रंगाऱ्याचा पोरगा आणि रानातलं यीस्ट

केमिस्ट्रीला असाल तर केल्डाल मेथडने नायट्रोजन काढताना तुमचा जीव कधी तरी मेटाकुटीला आलाच असेल. पीएच तर आर्ट्सवाल्यांनाही माहीत असतो, निदान फेसवॉशच्या जाहिरातींमुळे. या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगशाळेतून आल्या आहेत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीतून. हो, तीच कार्ल्सबर्ग, बाटलीवाली. योहान केल्डाल तिथल्या केमिस्ट्री विभागाचा प्रमुख होता आणि शेजारच्या विभागात एमिल क्रिश्चियन हान्सन बसायचा. डेन्मार्कमध्ये हे नाव मोठं आहे. मायक्रोबायोलॉजीच्या पुस्तकातही ते प्युअर कल्चरच्या धड्यात एका ओळीपुरतं येतं: बिअरचं यीस्ट शुद्ध करणारा शास्त्रज्ञ.

ती ओळ खरी आहे, पण अर्धीच. ज्या माणसाने रानटी यीस्टला ब्रुअरीतून हाकलून लावलं, तोच माणूस ती बाहेर नेमकी राहतात कुठे हे बघायला फळझाडांखाली माती गोळा करत हिंडला होता. आज उष्ण कटिबंधातल्या जंगलांत झाडांच्या साली खरवडून यीस्ट शोधणारे संशोधक त्याचंच काम पुढे नेतायत. म्हणून त्याची गोष्ट तुम्हाला सांगायचीय.

आधी यीस्ट म्हणजे काय, ते एका दमात उरकू. एकाच पेशीची बुरशी. साखर मिळाली की ती खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि अल्कोहोल बनवते. पाववाल्याला त्यातला गॅस हवा असतो, बिअरवाल्याला अल्कोहोल. पाववाला यीस्ट विकत आणतो. पण कोकणात माडावरून उतरवलेला गोड रस काही तासांत फसफसायला लागतो, गोव्यात फेणीसाठी तुडवलेल्या काजूच्या बोंडांचा रस बाहेरून काही न घालता आंबतो, त्यात यीस्ट कुणी टाकलेलं नसतं. ते आधीपासूनच तिथे असतं. फळाच्या सालीवर, खोडावर, किड्यांच्या अंगावर. हेच वाइल्ड यीस्ट, म्हणजे रानटी यीस्ट.

आता हान्सन. जन्म १८४२ सालचा, डेन्मार्कमधल्या रिबे गावचा. वडील घरांना रंग देणारे रंगारी. घरात पैशाची कायम ओढाताण. एमिलला चित्रकार व्हायचं होतं, पण पोटासाठी त्यालाही भिंतीच रंगवाव्या लागल्या. पुढे तो एका जमीनदाराच्या वाड्यावर मुलांना शिकवायला राहिला आणि तिथेच त्याला झाडापानांचा नाद लागला. शिकायचं तर होतं, पण हातात काही नव्हतं. मग कथा-कादंबऱ्या लिहून शिक्षणाचा खर्च भागवायचा, असाही उद्योग त्याने केला. कोपनहेगन विद्यापीठाच्या वर्गात तो पोचला तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. तुमच्या वर्गात एखादा तिशीतला विद्यार्थी असेल आणि मागच्या बाकावरून त्याला सगळे काका म्हणत असतील, तर साधारण तसंच चित्र डोळ्यासमोर आणा.

या काकांनी विषय कुठला घ्यावा? शेणावर उगवणाऱ्या बुरशा. ऐकायला कसंही वाटो, १८७६ मध्ये या निबंधासाठी त्याला विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी त्याने आल्फ्रेड योर्गन्सन या मित्राबरोबर आणखी एक काम पुरं केलं. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजातून केलेल्या प्रवासाच्या पुस्तकाचं डॅनिश भाषांतर. हे भाषांतर लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कार्ल्सबर्गचा मालक तेव्हा जे. सी. जेकबसन होता. बिअरच्या बाबतीत हा माणूस वेडा म्हणावा इतका काटेकोर. १८४५ मध्ये तो म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीतून यीस्ट घेऊन निघाला. घोडागाडीचा लांबचा प्रवास. पत्र्याच्या डब्यातलं यीस्ट उन्हाने मरू नये म्हणून वाटेत गाडी थांबेल तिथे उतरून तो डब्यावर गार पाणी ओतत राहिला, असं सांगतात. त्या यीस्टवर त्याचा सगळा धंदा उभा राहिला. पुढे १८७५ मध्ये त्याने ब्रुअरीला जोडून लॅबोरेटरी काढली आणि अट घातली की तिथे सापडेल ते लपवून ठेवायचं नाही, छापायचं. एका धंदेवाल्या माणसाने घातलेली ही अट आहे, जरा थांबून विचार करा. हान्सन आधी तिथे बिअरमधले जीव तपासायला आला आणि १८७९ पासून फिजिऑलॉजी विभागाचा प्रमुख झाला.

त्या काळी ब्रुअरीत यीस्ट वापरायची पद्धत आपल्या विरजणासारखी होती. आधीच्या खेपेतलं थोडं यीस्ट पुढच्या खेपेला घालायचं. विरजण बिघडलं की दही बिघडतं, तसंच बिअरचं व्हायचं. एखाद्या मोसमात बिअर अचानक कडवट व्हायची, गढूळ राहायची, वास मारायची आणि पिंपंच्या पिंपं ओतून द्यावी लागायची. दोष कुणाचा? लुई पाश्चरने १८७६ च्या आपल्या पुस्तकात बिअरच्या रोगांचं खापर मुख्यतः बॅक्टेरियांवर फोडलं होतं आणि पाश्चरचा शब्द म्हणजे तेव्हा शेवटचा शब्द. जेकबसन तर त्याचा भक्तच होता.

हान्सनने मात्र वेगळा प्रश्न विचारला. यीस्ट यीस्ट म्हणतोय ते नक्की एकच आहे का? आणि ब्रुअरीत आगंतुक म्हणून येणारं यीस्ट मुळात येतं कुठून?

दुसऱ्या प्रश्नासाठी त्याने एक सोपा गडी निवडला. बहुतेक यीस्ट मायक्रोस्कोपखाली सारखीच दिसतात, गोल किंवा अंडाकृती. पण एक जात लिंबासारखी असते, दोन्ही टोकांना चोच काढलेली. त्या काळचं तिचं नाव सॅकरोमायसिस एपिक्युलेटस. म्हणजे गर्दीत लाल शर्ट घातलेला माणूस. कुठेही गेला तरी ओळखू येणार. हान्सनने वर्षभर त्याचा पाठलाग केला. उन्हाळ्यात गूजबेरी, चेरी, प्लम, द्राक्षं पिकली की हे यीस्ट फळांवर सापडायचं आणि तेही रसाळ, पिकलेल्या, साल फुटलेल्या फळांवर जास्त. कच्च्या फळांवर जवळपास नाहीच. हिवाळ्यात झाडावर काहीच नसायचं. मग गेलं कुठे? त्याने झाडांखालची माती तपासली आणि ते तिथे होतं. पावसाबरोबर, गळलेल्या फळांबरोबर खाली उतरून मातीत झोपलेलं. मातीत यीस्ट पुरून ठेवून थंडीनंतर उकरून बघितलं, तर जिवंत. उन्हाळा आला की वारा आणि किडे ते पुन्हा फळांवर पोचवायचे.

१८८१ च्या सुमाराला त्याने हे छापलं. तुम्हाला वाटेल, यात काय विशेष? तर विशेष हे, की सूक्ष्म जीवालाही पत्ता असतो, घर असतं, वर्षाचं वेळापत्रक असतं, हे इतक्या नीटपणे दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी ते होतं. वाघाच्या अधिवासाबद्दल बोलतात तसं यीस्टच्या अधिवासाबद्दल बोलता येतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. मला विचाराल तर हान्सनचं सगळ्यात सुंदर काम हेच. पण त्यातून कुणाच्या खिशात पैसे पडत नव्हते, म्हणून धड्यात ते येत नाही.

पहिला प्रश्न जास्त किचकट होता. बिअरच्या एका थेंबात हजारो पेशी. त्यातली एकच पेशी वेगळी काढायची आणि तिच्यापासूनच सगळी पैदास वाढवायची. आज तुम्ही प्लेटवर स्ट्रीक मारता आणि दुसऱ्या दिवशी कॉलनी मोजता. हान्सनने सुरुवातीला नुसतं पाणी आणि डोकं वापरलं. यीस्ट पाण्यात मिसळायचं, एका छोट्या थेंबात किती पेशी आहेत ते मायक्रोस्कोपखाली मोजायचं आणि मग ते इतकं पातळ करायचं की दोन मोजमापांत मिळून सरासरी एकच पेशी येईल. हे पाणी माल्टच्या गोड काढ्याच्या बऱ्याच चंबूंमध्ये वाटायचं. काही चंबूंत काहीच जाणार नाही, काहींत एक पेशी जाईल, क्वचित दोन. चंबू जोरात हलवायचे, की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, आणि मग अजिबात न हलवता ठेवायचे. काही दिवसांनी काचेला आतून पांढरे ठिपके दिसतात. दोन ठिपके दिसले तर चंबू बाद. एकच ठिपका असेल तर त्यातलं सगळं यीस्ट एकाच पेशीचं वंशज. पुढे रॉबर्ट कॉखच्या जिलेटिनच्या युक्तीची जोड देऊन त्याने हे आणखी पक्कं केलं.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. उपाशी ठेवलं की यीस्ट आपल्या पेशीत बीजाणू तयार करतं. हान्सन ओल्या प्लास्टरच्या ठोकळ्यांवर यीस्ट पसरून ठरावीक तापमानाला ठेवायचा आणि बीजाणू किती तासांनी दिसतात ते बघायचा. रानटी यीस्ट लवकर बीजाणू धरायची, ब्रुअरीत पिढ्यान्‌पिढ्या पोसलेलं यीस्ट उशिरा. कडक आयुष्य काढलेला आणि लाडावलेला, दोघांत फरक असणारच की! दिसायला जुळ्यांसारखी असलेली यीस्ट घड्याळ लावून ओळखता यायला लागली.

या तयारीनिशी त्याने कार्ल्सबर्गचं बिघडलेलं यीस्ट फोडलं, तर आत चार वेगवेगळे प्रकार निघाले. जेकबसनने डब्यावर पाणी ओतत आणलेलं ते लाडकं यीस्ट आता एक नव्हतंच, त्यात बिनबोलावलेले पाहुणे घुसले होते. कडू चव आणि वाईट वास आणणारं यीस्ट कुठलं तेही त्याने दाखवलं. रानटी, सॅकरोमायसिस पास्टोरिआनस या नावाखालचं. गंमत म्हणजे हे नाव पाश्चरच्या सन्मानार्थ दिलेलं होतं. चांगली बिअर चारांतलं एकच यीस्ट देत होतं.

जेकबसनला हे सहज पटलं नाही. एकतर ते पाश्चरच्या पुढे जाणारं, त्यातून स्वतःच्या यीस्टवर डाग. पण प्रयोग करू दिला, हे त्याचं मोठेपण. नोव्हेंबर १८८३ मध्ये एका पेशीपासून वाढवलेलं यीस्ट पहिल्यांदा कार्ल्सबर्गच्या टाक्यांत गेलं आणि बिअर सुधारली. या यीस्टला क्रमांक १ म्हणायला लागले. पुढे १९०८ मध्ये हान्सनने त्याला सॅकरोमायसिस कार्ल्सबर्जेन्सिस असं रीतसर नाव दिलं. आणि आता या गोष्टीतला आजच्या कुठल्याही मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्याला झोप न लागू देणारा भाग. जेकबसनने हे यीस्ट पेटंट करून तिजोरीत ठेवलं नाही. मागेल त्या ब्रुअरीला, अगदी स्पर्धकांनाही, फुकट वाटलं. वापरायचं कसं हेसुद्धा सांगितलं. काही वर्षांत जगातल्या लागर बिअरचा मोठा हिस्सा शुद्ध यीस्टवर चालायला लागला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं मात्र नाही. एकाच यीस्टने बिअर निर्जीव होते, चवीतलं वैविध्य मरतं, असं म्हणणारे ब्रुअर आणि शास्त्रज्ञ भरपूर होते. हान्सन वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडत राहिला. दोन्ही बाजूंना काही ना काही खरं होतं. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच एन. एच. क्लाउसनने दाखवलं, की जुन्या पद्धतीच्या इंग्लिश बिअरची ती खास चव एका वेगळ्या यीस्टमुळे येते. त्याने त्याचं नाव ठेवलं ब्रेटानोमायसिस. कोपनहेगनमध्ये ज्याला रोग म्हटलं असतं, त्याला इंग्लंडमध्ये चव म्हणत होते. रानटी आणि शुद्ध या शब्दांत विज्ञान किती आणि ब्रुअरीचा हिशोब किती, हा प्रश्न तेव्हाही होताच.

२७ ऑगस्ट १९०९ ला हान्सन होर्नबेक या समुद्रकाठच्या गावी गेला. वय ६७. त्याच वर्षी त्याच लॅबमध्ये सोरेन्सनने पीएचची कल्पना मांडली.

हान्सनची गोष्ट मात्र इथे थांबत नाही, कारण ज्यांच्या मागावर तो होता ते अजून बरेचसे मोकळेच आहेत.

त्याचं ते लिंबाच्या आकाराचं यीस्ट ज्या कुळातलं, त्या यीस्टच्या एका वंशाला १९११ मध्ये हान्सेनियास्पोरा नाव मिळालं, त्याच्याच नावावरून. ब्रुअरीतल्या गुणी यीस्टला कंपनीचं नाव आणि रानातल्या यीस्टला माणसाचं, ही वाटणी मला तरी भारी वाटते. आणि हान्सेनियास्पोरा तुमच्या तोंडात जाऊन आलंय. कोकोची फळं फोडून बिया आणि गर ढिगाने आंबवतात, तेव्हा अगदी सुरुवातीला कामाला लागणाऱ्यांत याचेच भाऊबंद असतात. त्यांना कुणी आमंत्रण देत नाही. ती फळांवरून, हातांवरून, केळीच्या पानांवरून आपसूक येतात. या आंबवण्याशिवाय चॉकलेटला चॉकलेटची चव येत नाही.

हान्सनच्या डेन्मार्कमध्ये यीस्टला हिवाळाभर मातीत तोंड लपवून बसावं लागायचं. आता अशी जागा डोळ्यासमोर आणा, जिथे हिवाळा नाही, बारा महिने कुठलं ना कुठलं फळ पिकतंय, फुलांत मकरंद आहे आणि तो हलवाहलव करणारे किडे अगणित. मलेशियाच्या पावसाळी जंगलात बर्टम नावाचा पाम आहे. त्याच्या कळ्यांमधला मकरंद यीस्टमुळे तिथल्या तिथे आंबतो, त्यात अल्कोहोल ३.८ टक्क्यांपर्यंत सापडलं, म्हणजे सौम्य बिअरइतकं. उंदराएवढी ट्री-श्रू रोज रात्री येऊन तो पिते आणि झिंगल्याची काही लक्षणं दाखवत नाही. हे संशोधन २००८ चं. पुढे २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी हैनान या उष्ण कटिबंधातल्या बेटावरच्या आदिम जंगलातून पाव-बिअरच्या यीस्टचे, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचे, रानटी नातलग मिळवले. त्यांतल्या काही शाखा तोपर्यंत माहीत असलेल्या सगळ्यांत जुन्या निघाल्या. ज्याला आपण माणसाळलेलं समजतो, त्याचं गोत जंगलात होतं. यीस्टच्या आजवर नोंदलेल्या प्रजाती दीड-दोन हजारांच्या घरात आहेत आणि न नोंदलेल्या त्याहून कितीतरी जास्त असणार, असं या क्षेत्रातले लोक मानतात. जंगल तोडलं की वाघ-हत्तींची मोजदाद होते, सालीवरच्या यीस्टची होत नाही. काय गेलं तेही कळत नाही.

आता ते भाषांतर. हान्सनचं क्रमांक १ यीस्ट शुद्ध होतं, म्हणजे एका पेशीचं होतं. पण जनुकं तपासायची सोय झाल्यावर कळलं की ते मुळात संकर आहे. एक पालक नेहमीचं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. दुसरा पालक थंडीत काम करू शकणारा कुणीतरी, पण तो रानात कुठे सापडत नव्हता. २०११ मध्ये सापडला, अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात, दक्षिणेकडच्या बीच झाडांवर. त्या झाडांवर सिटारिया नावाची पिवळी-नारिंगी, गोट्यांसारखी गोड बुरशी येते, तिच्यात हे यीस्ट राहत होतं. नाव ठेवलं सॅकरोमायसिस युबायानस. या सिटारियाच्या एका प्रजातीला डार्विनचं नाव आहे. बीगलच्या प्रवासात त्याने टिएरा डेल फ्युगोला बीचच्या झाडांवर ती बघितली होती आणि तिथले लोक ती खातात हेही प्रवासवर्णनात लिहिलं होतं. तेच पुस्तक, जे हान्सनने डॅनिशमध्ये आणलं. ज्या यीस्टने त्याला नाव मिळवून दिलं, त्याच्या रानटी पालकाचं घर कार्ल्सबर्गमध्ये पाऊल ठेवण्याआधी त्याच्या टेबलावर येऊन गेलं होतं!

नावाचाही एक टोला बाकी आहे. आजच्या वर्गीकरणात सॅकरोमायसिस कार्ल्सबर्जेन्सिस ही वेगळी प्रजाती मानत नाहीत. ती ज्या नावात मिसळली ते नाव सॅकरोमायसिस पास्टोरिआनस. म्हणजे कडू चवीसाठी हान्सनने ज्या नावावर आरोप ठेवला होता, तेच नाव त्याच्या गुणी यीस्टला लागलं.

युबायानस पुढे चीन, तिबेट, न्यूझीलंड, अमेरिकेतही मिळालं. युरोपात मात्र बरीच वर्षं नाही, आणि लागर तर युरोपातच जन्मली होती. शेवटी २०२२ मध्ये आयर्लंडमधून बातमी आली. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टसाठी मातीचे नमुने गोळा केले होते. हे यीस्ट त्यांना दोन ठिकाणी सापडलं आणि दोन्ही ठिकाणं त्यांच्याच कॅम्पसमधली होती.